डिफॉल्टची दादागिरी

गुगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. ॲपल, सॅमसंग, मोझिला, मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना त्यातला वाटा मिळाला. बदल्यात हवं होतं एवढंच की फोन किंवा ब्राउझर नवाकोरा उघडला की शोधाच्या रकान्यात गुगल बसलेलं असावं. गुगलवरच्या मक्तेदारीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयात हा आकडा बाहेर आला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, गुगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली आहे.

आता विचार करा. तो रकाना बदलायला कुणालाही बंदी नव्हती. सेटिंग उघडा, दुसरं नाव निवडा, संपलं. मिनिटभराचं काम. तरीही एवढी रक्कम मोजली गेली, कारण बहुतेक माणसं ते मिनिट कधीच काढत नाहीत याची कंपनीला खात्री होती. आपण सेटिंगला हात लावत नाही, या सवयीचा हा बाजारभाव आहे. आणि तो पैसा आपल्या खात्यात येत नाही.

ब्राउझरचंही तसंच होतं. म्हणून सरळ सांगतो : ब्राउझर स्वतः निवडा आणि स्वतःच्या सोयीने लावून घ्या. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सात-बारा, पोरीचा दहावीचा निकाल, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं याच खिडकीतून जातं. फोन घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतो, बॅटरी किती टिकते ते विचारतो. रोज तासन्‌तास ज्यातून जग बघायचं तो ब्राउझर कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही.

आयतं मिळालेलं वापरत राहिलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ मध्ये आला, विंडोजबरोबर फुकट मिळू लागला आणि काही वर्षांत नेटस्केप या आधीच्या ब्राउझरचा बाजार उठला. पुढे? एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, सातवी यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! मैदानात कुणी उरलंच नव्हतं, मग घाम कोण गाळणार? ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली. टॅब होते, पॉप-अप रोखायची सोय होती. लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टला जाग आली. स्पर्धा मेली की सुधारणा मरते.

आज तीच जागा क्रोमने घेतली आहे. तो २००८ मध्ये आला, वेगवान होता, म्हणून जिंकला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण जगातला जवळपास दोन-तृतीयांश वापर एका कंपनीच्या ब्राउझरमधून होत असेल, तर नियमही तीच ठरवणार. आणि पर्याय म्हणून समोर येणारी नावं नीट तपासा. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, चालतो. ऑपेराने २०१३ मध्येच स्वतःचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर उभं करणारी यंत्रणा, सोडलं. ब्रेव्ह, विवाल्डी हेही क्रोमियमच. एकाच गिरणीचं पीठ पाच पिशव्यांत भरलेलं, आणि गिरणीची सूत्रं मुख्यतः गुगलच्या हाती. मोठ्या वापरातली वेगळी इंजिनं उरली दोनच : फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलचं वेबकिट. भारतातल्या आयफोनवर तर कुठलंही नाव निवडा, आत वेबकिटच असतं.

इंजिन कुणाचं, याने काय बिघडतं? हे बघा. जाहिराती आणि पाळत रोखणारं यूब्लॉक ओरिजिन हे फुकट, खुलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायचं जोडसाधन, वर्षानुवर्षं लाखो लोक वापरत आले. गुगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये ते पूर्ण ताकदीचं साधन क्रोममध्ये बंद पडलं. उरली ती त्याची हलकी आवृत्ती. सुरक्षेसाठी हा बदल केला, असं गुगल सांगते. पण ही कंपनी जाहिरातींवर जगते, आणि जाहिराती अडवणारं साधन कितपत चालावं हेही तीच ठरवते. हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे. फायरफॉक्समध्ये तेच साधन आजही पूर्ण चालतं.

म्हणून माझं मत फायरफॉक्सला. तो बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गुगलकडूनच येतो, ही त्याची खरी दुबळी बाजू आहे. वाचकाने ती ठाऊक ठेवूनच निवड करावी. तरीही वेगळं इंजिन जिवंत ठेवणारा, विंडोजवर आणि अँड्रॉइडवर सहज मिळणारा हा एकच मोठा पर्याय आहे. फायरफॉक्स नकोच असेल, तर जाहिराती मुळातच रोखणारा ब्रेव्ह घ्या. प्रत्येक बटण आपल्या मर्जीने हलवायची हौस असेल तर विवाल्डी घ्या. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या योन फॉन टेट्झनर यांनी तो अशाच हौशी लोकांसाठी काढला.

आणि स्वदेशी? केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा घेतली, २०२५ मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटी रुपयांचं. आनंद आहे. झोहोचा उला वापरून बघा, चांगला वाटला तर ठेवा. पण तोही क्रोमियमवरच उभा आहे. ब्राउझर देशी असो वा परदेशी, प्रश्न तेच विचारायचे : इंजिन कुणाचं, कंपनीचं पोट कशावर चालतं, माझी माहिती कुठे जाते?

निवड झाली. आता खरं काम. ब्राउझर उतरवून घेतला म्हणजे तो आपला झाला, असं होत नाही. सेटिंग उघडा.

पहिला घाव नोटिफिकेशनवर. बातम्यांच्या, पाककृतींच्या, कुठल्याही साइटवर गेलं की वर पाटी येते : सूचना पाठवू का? घाईत ‘हो’ दाबलं जातं आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असल्या थापा सुरू होतात. त्यावर क्लिक करून दिलेल्या नंबरला फोन लावणारे बहुतेक वेळा घरातले ज्येष्ठ असतात. साइट्सनी हा प्रश्नच विचारू नये, असं सेटिंग प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. ते लावा. आई-वडिलांच्या संगणकावर तर आजच लावा.

दुसरं, एक्स्टेन्शनचा ढीग उपसा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे बिनकामाचे टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. मूळ कर्त्याने ते विकलं, नव्या मालकाच्या हाती त्यात घातक कोड शिरला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते काढून टाकावं लागलं. लक्षात घ्या, एक्स्टेन्शन सगळ्या साइटवरचं वाचायची परवानगी मागतं तेव्हा त्यात तुमच्या बँकेचं पानही येतं. जाहिराती रोखणारं एक आणि पासवर्ड सांभाळणारं एक, बहुतेकांना एवढी दोन पुरतात. कूपन शोधणारी, हवामान दाखवणारी, पडद्याचा रंग बदलणारी गर्दी काढून टाका.

तिसरं, कुकी, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपसाठी ती तयार केली, ती साइटला आपला ग्राहक ओळखता यावा म्हणून. जाहिरात कंपन्यांनी तिचा वापर माणसाच्या मागे साइटोसाइटी फिरण्यासाठी केला. ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये अशा परक्या (थर्ड-पार्टी) कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या कप्प्यात कोंडली. गुगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या काढायचं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेतच सोडला. क्रोम वापरणाऱ्यांनी आता वाट पाहू नये. थर्ड-पार्टी कुकी बंद करायचं बटण तिथे आहे, ते हातानेच दाबावं लागेल.

चौथं, आणि मराठी वाचकाने कधीच टाळू नये असं : अक्षर. बहुतेक साइटवरचा अक्षराचा आकार रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेला असतो. तेवढ्याच आकारात देवनागरीची मात्रा, रफार, उकार आणि जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. मग आपण डोळे चोळत म्हणतो, पडद्यावर मराठी वाचवत नाही. ब्राउझरमध्ये अक्षराचा किमान आकार ठरवता येतो, तो वाढवा. फायरफॉक्समध्ये तर देवनागरीसाठी फाँट आणि आकार वेगळा ठेवायची सोय आहे. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फाँट फुकट मिळतात. मोठे लेख वाचताना रीडर मोड लावा. जाहिराती आणि रंगीत चौकटी जातात, मजकूर उरतो.

त्याच सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तिथे मराठी सगळ्यात वर ठेवा. तुमचा ब्राउझर प्रत्येक साइटला सांगतो की या माणसाला कोणती भाषा चालते. साइटची मराठी आवृत्ती असेल तर ती पुढे येण्याची शक्यता वाढते. नसेल, तरी मराठी मागणारं कुणी आलं होतं याची खूण त्या यंत्रणेपर्यंत जाते. कोट्यवधी मराठी माणसं इंग्रजी मागत राहणार आणि मग मराठी मिळत नाही म्हणून हळहळणार, हे थांबायला हवं. फायरफॉक्सचे मेनू मराठीत आहेत. स्वयंसेवकांनी खपून ते केले आहेत. ते वापरणं हीच त्या कष्टांची कदर.

आता वेळ वाचवणारी एक सोय. पत्त्याच्या रकान्यात हव्या त्या साइटचा शोध आखूड खुणेवर बांधता येतो. मराठी विकिपीडियासाठी एखादी खूण ठरवा, ती टाइप करा, पुढे विषय लिहा, थेट तिथला शोध उघडतो. शब्दकोश, ग्रंथालयाची यादी, रेल्वेचं वेळापत्रक, रोज लागणाऱ्या प्रत्येक जागेसाठी असं करता येतं. मधल्या जाहिरातींच्या रांगेतून जावं लागत नाही.

घरात संगणक एक आणि माणसं चार असतील, तर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. मुलाचे खेळ, आजोबांचा पेन्शनचा फॉर्म आणि तुमचं ऑफिसचं ईमेल एका ढिगात नको. पण वेगळं प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे, म्हणून संगणकाला पासवर्ड हवाच. नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात बसलात तर गेस्ट विंडो मागा आणि ‘पासवर्ड जतन करू का’ला ‘नाही’ म्हणा. इन्कॉग्निटोवर, म्हणजे खासगी विंडोवर, मात्र भिस्त ठेवू नका. त्यात तुमच्या संगणकावर इतिहास उरत नाही, एवढंच. साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून गुगलवर अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसण्याचं कंपनीला कबूल करावं लागलं.

२०२५ मध्ये एआयवाले ब्राउझर आले, पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा ॲटलस. तुमच्या वतीने ते पान वाचतात, बटणं दाबतात. वेबपानात लपवलेला मजकूर अशा मदतनिसाला भलत्याच कामाला लावू शकतो, हा धोका अजून पुरता सुटलेला नाही. वापरून जरूर बघा, पण बँकेचं लॉगिन तिथे करू नका.

आणि दोन ब्राउझर ठेवा. एक रोजचा, कडक सेटिंगचा. दुसरा फक्त बँक आणि सरकारी कामांसाठी, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. सरकारी पावती पॉप-अपमध्ये उघडत असेल तर पॉप-अपची परवानगी तेवढ्या एका साइटला द्या, सरसकट नको.

दुसरा ब्राउझर ठेवावा लागतो, यात आपला दोष नाही. सरकारी साइट बांधणारे एकाच ब्राउझरमध्ये तपासतात आणि ‘अमुक ब्राउझरमध्येच उघडा’ अशी पाटी लावून मोकळे होतात. ही पाटी म्हणजे नागरिकाने कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरावं याची सक्ती आहे. करदात्याच्या पैशाने चालणारी साइट निदान दोन वेगळ्या इंजिनांत नीट चालली पाहिजे, ही मागणी अवाजवी नाही. पुढच्या वेळी अशी पाटी दिसली की पडद्याचा फोटो काढा आणि त्या कार्यालयाला किंवा राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर लेखी तक्रार करा. ब्राउझरचं नाव, आवृत्ती, अडलेलं काम, तिन्ही लिहा. एका तक्रारीने काही हलणार नाही. शंभर आल्या तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.