बाजूला सरका

येडशीच्या माणसाला आयुष्यभर एकच विनोद ऐकावा लागतो. "कुठले तुम्ही?" "येडशीचा." "वाटलंच!" एसटीत कंडक्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढली. लातूरपासून पुण्यापर्यंतच्या प्रत्येक कँटीनमध्ये हा विनोद ऐकला आणि सांगणाऱ्याला तो त्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं वाटू दिलं. त्यामुळे निवृत्तीनंतर पुतण्यानं मला यूट्यूब चॅनेल काढून द्यायची टूम काढली आणि 'येडशीचा येडा' असं नाव सुचवलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "ते नाव लोक आपणहून ठेवतील. आपण दुसरं बघू." शेवटी नुसतं गावाचं नाव आणि त्यापुढं माझं आडनाव, एवढ्यावर भागलं.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 चा. जावेद करीम नावाचा एक संस्थापक प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो, यांच्या सोंडा लांब असतात असं सांगतो आणि 19 सेकंदांत मोकळा होतो. पुतण्यानं तो मला मुद्दाम दाखवला. मी त्यातून काहीच शिकलो नाही. माझा पहिला व्हिडिओ 14 मिनिटांचा झाला.

विषय होता बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांवरची आमची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 साली ती बार्शीला आणली. पुढं वाढत वाढत ती येडशीवरून 1911 मध्ये लातूरला पोचली. रामलिंगच्या घाटात तिला असा दम लागायचा, की माणसं खाली उतरून, बोरं वेचून पुन्हा चढायची, असं आमचे वडील सांगायचे. (वडील बोरांच्या बाबतीत थोडं वाढवून सांगत.) आता ब्रॉडगेज झाली, बोरं वेचायची सोय गेली. हे सगळं मी इस्त्रीचा शर्ट घालून, स्टेशनच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध उभा राहून सांगितलं. वारा इतका, की अर्धी माहिती माझी आणि अर्धी वाऱ्याची. पुतण्यानं मग दोनशे रुपयांचा कॉलर माईक आणला. तो लावला की मला उगाचच नेत्यासारखा खाकरा येतो.

पहिल्या महिन्यात 44 सबस्क्रायबर झाले. पुतण्याचं तोंड पडलं. मी मात्र खूश होतो, कारण लाल गाडीत बाकं 44 जणांचीच. म्हणजे गाडी फुल. रिकाम्या गाडीतून रात्री साडेनऊला मुरूड ते येडशी आलेल्या माणसाला 44 या आकड्याची किंमत विचारा. पण पुतण्यानं मला पुढचा हिशेब सांगितला. जाहिरातीचे पैसे हवे असतील तर हजार सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तास लोकांनी पाहिलेलं हवं. 2018 पासून हा नियम आहे. मी पेन्सिल घेतली. हजार माणसं म्हणजे तेवीस गाड्या. 4000 तास म्हणजे आठ तासांची ड्युटी धरली तर 500 दिवस. वर बारा महिन्यांपेक्षा जुने तास गळून पडतात, म्हणजे रजा साठवायची सोय नाही. आणि शॉर्ट्सच्या रांगेत अंगठ्यानं सरकवत पाहिलेले छोटे व्हिडिओ या तासांत धरतच नाहीत. उभ्यानं प्रवास करणाऱ्यांना मोजायचंच नाही, असा हा मार्ग. असं महामंडळ मी पाहिलं नाही.

सगळ्यात जिव्हारी लागला तो आलेख. व्हिडिओ सुरू झाल्यापासून कोण कधी निघून गेलं, त्याची एक रेघ यूट्यूब दाखवतं. माझी रेघ पहिल्या तीस सेकंदांत रामलिंगच्या पायऱ्यांसारखी सरळ खाली उतरली होती. येडशीत बसलेले निम्मे प्रवासी पांगरी यायच्या आत उतरलेले. सत्तावीस वर्षांत असं एकदाच झालं होतं, आणि तेव्हा गाडीत साप निघाला होता.

पुढं पुढं शेवटपर्यंत बसणारे आठ-दहा जण दिसायला लागले. त्यातली दोन आमच्या घरातलीच. ही स्वयंपाक करताना माझा व्हिडिओ लावून ठेवते. "बघायलीस की नुसता लावायलीस?" विचारलं तर म्हणाली, "तुमचं बोलणं बत्तीस वर्षं असंच ऐकायले. कामात कशाला खोटी?"

आणखी एक फजिती. व्हिडिओच्या शेवटी घंटीचं बटण दाबा असं सांगायची रीत आहे. सत्तावीस वर्षं घंटीची दोरी ओढलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं आणि जिभेनं सवय सोडली नाही. "एक घंटी दिली तर गाडी थांबते, मंडळी, दोन द्या!" पुतण्यानं कपाळाला हात लावला. दोनदा दाबलं की आहे ते बंद करायचं का, असं विचारतं म्हणे. त्या आठवड्यात तीन प्रवासी कमी झाले. कोण होते कळलं नाही. पण सांगितलेलं तंतोतंत ऐकणारी माणसं होती, म्हणजे आपल्याकडचीच.

गावातले सल्लागार तर रोजचे. "त्या सारोळा कासारच्या आजी बघा." बघितल्या. नगरजवळच्या सुमनताई धामणे. नातवाच्या मदतीनं 2020 मध्ये 'आपली आजी' हे चॅनेल गाजवलं, मध्ये ते कुणीतरी हॅक केलं, तेही परत मिळवलं. सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं, की तुम्हीही भाजी करा. मला भाजी येत नाही, हा भाग वेगळा. पण चार व्हिडिओ पाहून मला वेगळंच जाणवलं. मी भाजी बघतच नव्हतो. मी आजींची बोलण्याची धाटणी ऐकत होतो, हात बघत होतो, आणि आपल्या आईच्या मिसळणाच्या डब्याचं झाकण नीट बसायचं नाही हे मला मध्येच आठवलं होतं.

तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पाडला चुलत भावानं. पंचवीस वर्षं झाली तो चिंचवडला कारखान्यात आहे. माझा येडशीच्या चौकाचा व्हिडिओ पाहून त्याचा फोन आला. मी त्यात सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथं कसे एकमेकांना छेदतात, हे हातवारे करून सांगितलं होतं.

"आण्णा, चांगलंय. पण जरा बाजूला सरक की."

"का रं?"

"मागं ते च्याचं हाटेल हाय का अजून? तू पुढं हुबा राहिलास, दिसंनाच काय."

मग एकेक असेच फोन. अंबरनाथची बहीण म्हणाली, "ते चिंचंचं झाड तोडलं का? तुझ्या डोक्याच्या मागं निम्मंच दिसायलंय." शाळेतला एक मित्र भिवंडीला असतो. माझ्या मागून सायकलवर गेलेला म्हातारा कोण, हे ओळखण्यासाठी त्यानं तो व्हिडिओ सात वेळा पाहिला, थांबवून थांबवून. कॅलथ्रॉपबद्दल एकानंही अवाक्षर विचारलं नाही.

उभ्या हयातीत मी माणसांना एकच वाक्य सांगत आलो: सरका. पुढं सरका, आत सरका, दारातून बाजूला सरका, मागच्यांना येऊ द्या. कुणी हललं नाही तर रागानं सांगितलं, गरोदर बाई असेल तर ओरडून सांगितलं. आणि मीच दारात उभा राहून गाव अडवून धरलं होतं.

पावसाळ्यात पुतण्याला घेऊन रामलिंगला गेलो. 1997 पासून हे सगळं अभयारण्य आहे. दरीत महादेवाचं देऊळ आणि मागं धबधबा. जटायू इथंच रावणाशी लढून पडला, असं आमच्याकडं मानतात. मी सगळं पाठ करून गेलो होतो. कॅमेरा लावला, आणि मग बाजूला सरकलो. सहा मिनिटं नुसतं पाणी, पायऱ्या, आणि एका बाईच्या हातातला नारळ नेणारं माकड. त्या माकडानं माझ्यापेक्षा जास्त लोकांना शेवटपर्यंत धरून ठेवलं. एक अडचण झाली. रामलिंग हातकणंगले तालुक्यातही आहे आणि शिरूरजवळही. त्यामुळे दोन-तीन जण भलत्याच गाडीत बसले. एकानं फोन नंबर मिळवून, हे आमचं रामलिंग नव्हे, अशी तक्रारही केली. चुकून चढलेल्या प्रवाशाला मी कधी वाटेत उतरवलं नाही. म्हटलं, "आलाच आहात तर धबधबा बघून जा."

मागच्या महिन्यात चौकात पुन्हा कॅमेरा लावला. या वेळी चहाचं हॉटेल बरोबर मध्ये, चिंच पूर्ण, आणि मी कॅमेऱ्याच्या पाठीमागं. काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोर लाल गाडी येऊन उभी राहिली आणि राहवलं नाही. घसा साफ केला आणि गाडीवर असताना द्यायचो तशी हाळी दिली: बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे! मग उलट्या दिशेची: ढोकी, मुरूड, लातूर! मग येरमाळा, चौसाळा, बीड. मग धाराशिव, तुळजापूर, सोलापूर. गाडीतला तरुण कंडक्टर खिडकीतून बघत राहिला, कुणाचा कोण हा म्हणून.

चार मिनिटांचा तो व्हिडिओ. मी त्यात कुठंही दिसत नाही. सबस्क्रायबर आज 312 आहेत, म्हणजे सात गाड्या भरून चार प्रवासी उभे. चिंचवडचा भाऊ म्हणाला, पांगरी घेतली नाहीस. बहिणीनं तेर का नाही म्हणून विचारलं. तेर त्या रस्त्यावर नाही हे तिलाही माहीत आहे. पुढच्या रविवारी पुन्हा चौकात जाणार आहे. तुमचा थांबा राहिला असेल तर कळवा, घेतो.