सोन्याच्या गावाची सहल

बंगळूरहून साधारण १०० किलोमीटरवरचं कोलार गोल्ड फील्ड्स एका दिवसात उरकतं. ‘केजीएफ’ सिनेमा पाहून आलेली मंडळी सायनाइडच्या टेकड्यांसमोर त्यातल्या नायकाच्या, रॉकीच्या थाटात सेल्फी काढतात. टेकड्या म्हणजे सोनं काढून झाल्यावर टाकलेला गाळ. पण तेवढी चौकशी कोण करतो? १९०२ साली इथे वीज आली, बंगळूरच्याही आधी! साहेबांना बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. तीन किलोमीटर खोल उतरणाऱ्या मजुरांना कोंदट खोपटी. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. आता तिथली माणसं पहाटेच्या रेल्वेने पोटासाठी बंगळूर गाठतात आणि बंगळूरची माणसं करमणुकीसाठी तिकडे जातात. सोनं साहेबाने नेलं, गोष्ट सिनेमावाल्यांनी. गावाकडे उरला तो गाळ.