पाटी की पेटी?

मावशी, पाणी गेलं ना? मग टेका जरा कठड्याला. तुमच्या नातवाने काल आमच्या दारात उभं राहून माझं डोकं खाल्लं. त्याला म्हणे ते टू-इन-वन हवंय. पडदा उपटला की पाटी, परत चिकटवला की लॅपटॉप. "काकू, तुम्ही डीटीपीवाल्या, तुमचं आजी ऐकेल, तुम्हीच सांगा," म्हणाला. म्हणून सांगते. आता त्याच्या मनातलंच सांगेन असं नाही हं.

"नवीन काहीतरी निघालंय म्हणत होता."

नवीन कसलं! बिल गेट्सच्या मायक्रोसॉफ्टने पेनने लिहायची विंडोजची पाटी 2002 सालीच काढली होती. जड आणि महाग, फारसं कुणी विचारलं नाही. मग 2010मध्ये आयपॅड आला नि सगळ्यांना पाटीचं वेड लागलं. 2012मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस काढला, त्याच वर्षी लेनोवोने तो योगा काढला, पडदा पाठीमागे पार उलटा वळणारा. तिथपासून या दोन जाती: एकीचा कीबोर्ड सुटा होतो, दुसरीचा सुटत नाही, नुसता मागे जातो.

त्या पहिल्या सरफेसची गोष्ट नातवाला मुद्दाम सांगा. त्याचा एक स्वस्तातला भाऊ होता, सरफेस आरटी. दिसायला विंडोज, पण सोबत दिलेलं ऑफिस सोडलं तर आपले नेहमीचे प्रोग्रॅम त्यात चढतच नसत. आतली चिपच वेगळ्या जातीची. लोकांनी पाठ फिरवली आणि 2013मध्ये कंपनीला त्यापायी 90 कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या कंपनीलाही 'दिसतं तसं नसतं' हे पैसे भरून कळलं.

"आमच्या ह्यांनी नाही का घेतलं पाऊण लाखाचं!" ह्या बघा, पापड वाळत घालता घालता वहिनी बोलल्याच. वहिनी, तुमच्या घरचं मी नाव काढणारच नव्हते, पण आता तुम्हीच काढलंत. भावजींनी दुकानात पाटी पाहिली आणि किंमत ऐकून खूश झाले. घरी आल्यावर कळलं की कीबोर्ड वेगळा, पेन वेगळं. जाहिरातीत तिन्ही एकत्र झळकतात, बिलात तिन्हीच्या ओळी वेगळ्या. आयपॅडचंही तेच, सरफेसचंही बहुतेक तेच. उलट्या वळणाऱ्या जातीत निदान कीबोर्ड तरी जन्मतः चिकटलेला असतो.

"आणि आता त्याच्यावर मालिका बघतात, पोटावर ठेवून!" बघा म्हणजे.

पोटावर ठेवण्यालाही कारण आहे, हसू नका. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत टेबल कुठंय? कॉट, मोरी, ओटा, संपलं. सुट्या कीबोर्डवाल्याला पाठीमागे एक पाय असतो, तो मागे फाकतो नि कीबोर्ड पुढे पसरतो. एवढी लांबी मांडीवर मावत नाही. गुडघ्यावरून ते मागे घसरतं. साधा लॅपटॉप मांडीवर गुमान बसतो. चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही, आपला सगळा जन्म स्लो गाडीत. दुपारी बसायला मिळालंच तर लॅपटॉपवर दोन ओळी टाइप होतील. त्या फाकड्या पायावर नाही.

उलट्या वळणाऱ्याचं रडगाणं वेगळं. सव्वा-दीड किलोचं धूड असतं ते. पाटी करून एका हातात धरा बरं, पाच मिनिटांत मनगट भाजीच्या पिशवीसारखं ओढायला लागतं.

पण खरी मेख माझ्या धंद्यात आहे, मावशी. पत्रिका, मंडळांचे अहवाल, पावती पुस्तकं मी श्रीलिपीत करते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ते. त्याला यूएसबीत खोचायचं लॉक लागतं. नव्या पातळ पाट्यांना भोकंच एक किंवा दोन, तीही बारकी टाइप-सीची. मग त्यात कन्व्हर्टर, कन्व्हर्टरमध्ये लॉक, प्रिंटर, माउस. पाटीला शेपट्या लागल्या की कसली आली पाटी! त्यात 2024पासून विंडोजच्या बऱ्याच पाट्या स्नॅपड्रॅगनच्या चिपवर येतात. बॅटरी छान चालते, तापत नाहीत, आणि आरटीसारखं नाही, जुने प्रोग्रॅम त्यावर बरेचसे चालतात. पण लॉकचे आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्या चिपसाठी वेगळे लिहिलेले लागतात. कंपनीने लिहिले नसतील तर प्रिंटर ढिम्म. आयपॅडवर तर हिशेबाची आपली नेहमीची टॅली चढतच नाही, ती विंडोजची. आयपॅडला माउसचा बाण नीट मिळाला तोच 2020मध्ये.

"मग ते घेतात तरी कोण?"

घेतात की, आणि काहींना शोभतंही! तळमजल्यावरच्या भाऊंचा मुलगा सजावटीचं काम करतो ना, त्याच्या हातात बघा कधी. मंडपात उभा असतो, सुताराला पडद्यावर रेघ मारून दाखवतो, "ही कमान इथून उचल". रात्री घरी त्यालाच कीबोर्ड लावून कोटेशन पाठवतो. आपल्या चिंतामणी गणपतीचं मंडळ 1920चं. तेव्हापासून या गल्लीबोळांत मंडपवाले नि मूर्तिकार वावरतात, त्यांचं निम्मं काम उभ्याने. पुनर्विकासाच्या सर्वेला ती पोरं आली होती, ती आठवतात? खोली मोजायची, पाटीवर टिचक्या मारायच्या, तिथेच सही घ्यायची. त्यांना लॅपटॉप दिला असता तर कुणाच्या फ्रिजवर ठेवला असता? केईएमच्या वॉर्डात राउंड घेणारे डॉक्टर, फळ्याऐवजी पेनने गणितं सोडवून दाखवणारे शिकवणीवाले, यांनी खुशाल घ्यावी. माझा साधा हिशेब आहे, उभ्याने आणि पेनने पैसे मिळत असतील तर पाटी, बसून आणि बोटांनी मिळत असतील तर लॅपटॉप.

नातू आणखी एक बोलला, लॅमिंग्टन रोडला जुना सरफेस स्वस्तात मिळतो म्हणे. मिळतो, का नाही मिळणार! विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला. सरफेस प्रोमध्ये सहाव्याच्या आधीच्यांना कंपनी विंडोज 11 देत नाही, म्हणून ते सगळे जुने आता बाजारात उतरलेत. शिवाय त्या पिढ्या गोंदाने चिकटवलेल्या, बॅटरी बदलायची तर पडदा तापवून उचकटायचा, आणि तडकला की बसा. नव्या सरफेसमध्ये ते बरंच सुधारलंय, हेही सांगायला हवं. पण रॅम बहुतेकांत पाटीलाच डकवलेली असते. पुढे वाढवू म्हणाल तर नाही. पहिल्याच दिवशी सोळा जीबी घ्यायची.

अगदी स्वस्तातलं तर मुळीच नको. 2015मध्ये मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपटॅब आला होता पंधरा हजाराला, कीबोर्डसकट. 2 जीबी रॅम आणि 32 जीबी जागा. त्यातली बरीचशी विंडोजच खाऊन बसायची. नुसतं वाचायला, बघायला हवं असेल तर साधी अँड्रॉइडची पाटी त्याहून बरी. मराठी लिहायचं तर बोलूनसुद्धा होतं, गुगलने 2017पासून ती सोय दिलीय. माझा अहवालाचा कच्चा मजकूर मी फोनवर बोलूनच काढते, मग कॉम्प्युटरवर बसून नीट करते.

तुमचा नातू बी.कॉम.ला, टॅलीचा क्लास, चित्र काढताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याला चाळीस-पन्नास हजारांतला साधा लॅपटॉप पुरे. उरलेल्या पैशांत चष्मा करून घ्या त्याला, फोन नाकाला लावून बघतो तो. रविवारी माझ्याबरोबर पाठवा, मी दुकान दाखवते. पण येताना क्लासच्या सरांना विचारून यायला सांगा, त्यांची टॅली कुठल्या मशीनवर चालते आणि प्रिंटर कुठला आहे. त्या दोन गोष्टी कळल्याशिवाय मी त्याच्याबरोबर पायरीही उतरणार नाही.