फिएस्ताचा एर्मानो

फिलिपिन्समध्ये गाव आहे आणि त्याला संत नाही, असं सहसा होत नाही. संत आहे म्हणजे त्याचा दिवस आहे, दिवस आहे म्हणजे फिएस्ता आहे, आणि फिएस्ता आहे म्हणजे एर्मानो मायोर आलाच. एर्मानो मायोर म्हणजे त्या वर्षीच्या जत्रेचा यजमान; बाई असली तर एर्माना. बँड, फुलं, फटाके, पाद्रीबाबांचं जेवण, ज्या खर्चाला दुसरा कोणी वाली नाही तो सगळा याच्या नावावर. मुलगी नसलेला वधूपिताच म्हणा ना.

मी सांगतोय तो सेबू बेटावरचा. एरवी गल्लीत त्याला कोणी फारसं विचारत नाही. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं. सकाळी बनियनवर दारात बसून झुंजीच्या कोंबड्याची मान चोळणं हा मुख्य उद्योग. पण एर्मानो म्हणून नाव जाहीर झालं की माणूस बदलतो. चालताना हात पाठीमागे जातात. बोलण्यात ‘बघू, करू काहीतरी’ वाढतं. अननसाच्या धाग्याचा झिरझिरीत बारोंग सदरा इस्त्री होऊन खिळ्यावर चढतो, आणि सहा महिने आधीच चढल्यामुळे आयत्या वेळी पुन्हा इस्त्रीला जातो.

पाहुणा सापडला की त्याला इतिहास सांगायचा, हे काम मात्र तो फुकट करतो. १५२१ मध्ये मॅगेलन सेबूला आला, राजा हुमाबोनच्या राणीला त्याने बाळ येशूची, सांतो निन्योची, हातभरही नसलेली मूर्ती भेट दिली आणि त्याच महिन्यात शेजारच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी त्याला कापून काढलं. चव्वेचाळीस वर्षांनी, १५६५ मध्ये, लेगास्पी हा स्पॅनिश सेनानी आला, वस्ती जळाली, आणि एका सैनिकाला त्या जळक्या वस्तीतल्या एका घरात पेटीत ठेवलेली ती मूर्ती जशीच्या तशी सापडली. इथवर सगळं पुस्तकात आहे. एर्मानो त्यात फक्त आपल्या खापरपणजोबांची भर घालतो. एका वर्षी ते मूर्ती लपवणाऱ्यांत असतात, दुसऱ्या वर्षी लापुलापूच्या शेजारी भाला घेऊन उभे. मॅगेलनने आणलेला देव त्याच्या देव्हाऱ्यात आहे आणि मॅगेलनला मारणारा लापुलापू त्याच्या टी-शर्टवर. दोघांचं आपसात पटतं की नाही, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडलेला नाही.

सिनुलोग महोत्सवाचं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘अनादी काळापासून.’ जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सगळं सेबू शहर ढोलांच्या तालावर ‘पिट सेन्योर!’ ओरडत रस्त्यावर उतरतं, ती मिरवणूक सुरू झाली १९८० मध्ये. म्हणजे अनादी काळाच्या आरंभी आमचा एर्मानो शाळेत जात होता. पण म्हणून त्याला खोटं पाडायला जावं, तर तेही जमत नाही. सांतो निन्योच्या चर्चच्या, बासिलिकाच्या, दारात मेणबत्त्या विकणाऱ्या बायका त्याच्या आजीच्या काळीही मेणबत्ती हातात धरून, थोडं पुढे थोडं मागे झुलत, गिऱ्हाइकाचा नवस सांतो निन्योला पोचवत होत्या, आजही पोचवतात. त्यांना ढोल लागत नाही, टिकल्यांचे पोशाख लागत नाहीत, परीक्षक तर नाहीतच. सिनुलोगचा नाच जुना आणि महोत्सव नवा. एर्मानो दोन्हींचं श्रेय एकाच दमात घेतो.

दुसऱ्या शहरांच्या जत्रांबद्दल त्याची मतं पक्की आहेत. इलोइलोचा दिनाग्यांग? ‘१९६८ मध्ये आमच्याच सांतो निन्योची प्रतिकृती नेली, आणि आता आम्हालाच ढोल शिकवतात.’ बाकोलोदपुढे मात्र तो जरा नमतो. तिथे सगळी मदार उसावर. साखरेच्या पडलेल्या भावाने शहर आधीच जेरीस आलेलं, त्यातच १९८० च्या एप्रिलमध्ये ‘डॉन हुआन’ नावाची प्रवासी बोट टँकरला धडकून बुडाली आणि शेकडो माणसं गेली. त्याच ऑक्टोबरात त्या शहराने हसरे मुखवटे चढवून रस्त्यावर नाच काढला. तोच मासकारा. हे सांगताना एर्मानोचा आवाज उतरतो; मग लगेच तो त्यातून आपल्या सोयीचा निष्कर्ष काढतो की वर्ष जितकं वाईट तितकी जत्रा मोठी हवी. त्याचं प्रत्येक वर्ष वाईट असतं.

या खर्चीक सवयीचं मूळ जुनं आहे. स्पॅनिश पाद्री आले तेव्हा माणसं नदीकाठाने, शेताशेतांत विखुरलेली. त्यांना चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून वसवायचं होतं. नुसत्या प्रवचनाला कोण येतो? मग मिरवणुका आल्या, नाटकं आली, आतषबाजी आली, आणि माणसं आली. गावं आधी आणि जत्रा मागून, असं आपण समजतो. इथे पुष्कळदा जत्रेनेच गाव जमवलं. देशाचा राष्ट्रपुरुष होसे रिसाल याला हा सगळा थाट खुपायचा. १८८७ च्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत त्याने सान दिएगो गावच्या फिएस्ताची आणि तिच्या उधळपट्टीची पुरेपूर खिल्ली उडवली. गावोगावच्या चौकांत आज त्याचे पुतळे आहेत. एर्मानोला रिसालबद्दल नितांत आदर आहे; पताकांची मधली दोरी तो त्याच्याच पुतळ्याला बांधतो.

पताका प्लास्टिकच्या, आणि त्यांच्या मध्ये बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कप्तानाचे आणि नगरसेवकांचे हसरे फ्लेक्स. संताचा चेहरा त्यांच्याहून लहान असतो, पण तो निवडणुकीला उभा नाही.

खुद्द फिएस्ताच्या दिवशी मात्र त्याला बघावं. पहाटेपासून परसात निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर बांबूला खोचून फिरतंय, पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण आणि कांद्याची पात भरून शिवलेलं. याला लेचोन म्हणतात. फिरवणारा पुतण्या घामाने निथळतोय आणि एर्मानो खुर्चीवरून ‘हळू, हळू’ म्हणतोय. आत बायको आणि तिच्या बहिणी रात्रभर जाग्या. नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुड्यांत शिजवलेला भात, पुसो, घडांनी टांगलेला. ताटं सगळ्या आळीची गोळा केलेली. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून बुडाला नेलपॉलिशचे ठिपके, कुणाचे लाल, कुणाचे गुलाबी. या ठिपक्यांचा हिशेब ही त्या जत्रेतली एकमेव गोष्ट जी चोख असते, आणि ती एर्मानोकडे नसते.

दार उघडं. निमंत्रण लागत नाही. ओळखीच्याचा ओळखीचा एवढं पुरतं, आणि तोही नसला तरी चालतं. एक अनोळखी माणूस लेचोनच्या कुरकुरीत कातडीचा तुकडा मोडता मोडता एर्मानोलाच विचारतो, ‘यजमान कोण हो, मानोय?’ मानोय म्हणजे दादा.

‘असेल इथेच कुठेतरी,’ एर्मानो म्हणतो, ‘तुम्ही जेवा आधी.’ आणि त्याला खुर्ची ओढून देतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते बारोंग घालून पाद्रीबाबांशेजारी बसतानाही नसतं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या थापा या एका वाक्यावर माफ आहेत.

दुपारी कॅराओकेवर त्याचा मेव्हणा गळा काढत असताना दारात मोटरसायकल थांबते. सावकार. पाचाचे सहा करणारा; गल्लीत सगळे त्याला बोंबाय म्हणतात, आपल्या मुंबईवरून, माणूस मात्र जालंधरकडचा. डुकराचे आणि बँडचे आगाऊ पैसे त्याचेच. एर्मानो जराही न चाचरता त्याला हाताला धरून आत नेतो, पाद्रीबाबांशेजारी बसवतो. बायको त्याच्यासाठी डुक्कर न घातलेला पान्सित, म्हणजे शेवया, वेगळा घेऊन येते. तिने तो सकाळीच काढून ठेवलेला असतो. बोंबाय दोनदा घेतो. निघताना त्याच्या हातात मुलांसाठी बिबिंकाची, तांदळाच्या केकची, पुडी पडते, आणि वसुलीचा विषय काढणं आता बरं दिसणार नाही हे दोघांनाही कळतं.

एर्मानो त्याला गाडीपर्यंत पोचवायला येतो.

‘बँडवाल्यांचे तेवढे राहिलेत,’ तो हळूच म्हणतो.

बोंबाय सुस्कारा टाकतो, खिशातली वही काढतो, आकडा मांडतो, आणि गाडीला किक मारण्याआधी पुढच्या वर्षी एर्मानो कोण आहे ते विचारून घेतो.