शंभर ग्रॅमचे रावमामा

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये रावमामा एकच नाहीत. संध्याकाळी साडेपाचला आर्य गौडा रोडवर उभं राहावं, अर्ध्या तासात तीन-चार तरी समोरून जातात. पांढरी वेष्टी, चौकटीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर ऑडिटला निघाल्याचा भाव. बँकेतून नाहीतर एजी ऑफिसातून निवृत्त. घरात तंजावरी मराठी, रस्त्यावर तमिळ, राग आला की इंग्रजी. पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला आले असं सांगतात. म्हणजे 1676 च्या आसपास. एवढी सगळी माणसं एकाच फौजेत कशी मावली, हे कुणी विचारत नाही.

अयोध्या मंडपात दर्शन घ्यायचं, उपन्यासम, म्हणजे प्रवचन, थोडा वेळ उभ्यानं ऐकायचा आणि मागच्या गल्लीतल्या दुकानाशी थांबायचं, हा नेम. दुकान दहा फुटी. काचेच्या बरण्यांत मुरुक्कु, तट्टै, रिबन पकोडा; वर अप्पळमचे गठ्ठे; आतल्या अंगाला कढई आणि तिच्याशी घामाघूम झालेला आचारी. मामा पायरीवर चप्पल न काढता एकच प्रश्न टाकतात, “पुदुसा एन्न?” म्हणजे, नवीन काय?

हा प्रश्न ऐकला की गल्ल्यावरचा मालक मुकाट्यानं कागदाचा तुकडा पुढे करतो. त्यावर नमुना. मामा तो डोळे मिटून खातात. मग दुसरा मागतात, कारण पहिल्यात मीठ कळलं, तिखट कळायचं राहिलं. तिसरा घरी मामींसाठी. त्यानंतर खरेदी. शंभर ग्रॅम. पाव किलो घेतलेले रावमामा गल्लीत कुणी पाहिलेले नाहीत.

मालकाला याचा राग येत असावा असं वाटेल, पण तो पंचांगाऐवजी मामांवर चालतो. मामा सीडैबद्दल चौकशी करू लागले की गोकुळाष्टमी दहा दिवसांवर आली. पिठाचे, लोणी आणि तीळ घातलेले हे बोराएवढे गोळे. पीठ नीट चाळलं नाही किंवा गोळा फार घट्ट वळला की तेलात फटाक्यासारखे फुटतात. मामींनी त्या भीतीपायी घरी करणं कधीच सोडलं. मामा मात्र कढईपासून सहा फुटांवर उभे राहून आचाऱ्याला गोळा कसा वळायचा ते शिकवतात. पाठोपाठ गणेश चतुर्थीची कोळुकट्टै (आपले उकडीचे मोदक), नवरात्रातलं सुंडल, कार्तिकै दीपमच्या पोरी उरुंडै, म्हणजे आपले चुरमुऱ्याचे लाडू. मार्चच्या मध्यात कारडैयान नोन्बुचं व्रत आलं की अडै, वर बिनमिठाच्या लोण्याचा गोळा. त्याच सुमाराला लोणच्याच्या बरणीत कोवळ्या कैऱ्या पडतात, आणि मामा देठ तपासायला हजर.

दिवाळीच्या लेगियमवर त्यांचा खास अधिकार. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, गूळ आणि तूप आटवून केलेला हा काळा लेह. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळाआधी बोटभर चाटायचा, म्हणजे पुढचं सगळं पचतं. मामा दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून रोज बोटभर चाटतात. पचवण्यासारखं अजून काही पोटात गेलेलं नसतं, पण तयारी असावी.

कायद्याचीही माहिती चोख. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं बंधनकारक झालं, तेव्हा मामांना निवृत्तीनंतर प्रथमच नोकरी मिळाल्यासारखं झालं. प्रत्येक ताटापाशी चष्मा चढवून तारीख वाचायची, मोठ्यानं. 22 सप्टेंबर 2025 ला, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, पाकिटबंद फरसाणावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. मामा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन पोचले. मालकानं शांतपणे सांगितलं, “मामा, तुम्ही सुटं घेता. त्यावर आधीपासून पाचच होता.” त्या दिवशी मामांनी नमुना दोनदाच घेतला.

पण खरे रावमामा बघायचे तर दुकानात काहीतरी नवं आल्यावर. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, भारताच्याच प्रस्तावावरून. गल्लोगल्ली नाचणीची तट्टै, बाजरीचा मुरुक्कु आणि तिनैचे, म्हणजे राळ्याचे, लाडू उगवले. मामांनी राळ्याचा लाडू नमुन्याला घेतला, तोंड कडू केलं आणि निकाल दिला, “फॅशन. आमच्या घरात असलं कधी नव्हतं.” मग जवळच्या बरणीतलं साबुदाण्याचं वडाम, म्हणजे तळायचं वाळवण, शंभर ग्रॅम मागून घेतलं. “हे बघा, अस्सल जुनं. आमच्या पणजीच्या हातचं.”

आता इथे मामांना कोण सांगणार? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो केरळात रुजला आणि तिथून पुढे सेलमला 1940 च्या दशकात त्याचे कारखाने उभे राहिले. पणजीनं वडाम केलं असेल तर तांदळाचं. (पुण्यातल्या एकादशीच्या खिचडीलाही हाच जन्मदाखला लागू आहे, सेलमचा साबुदाणा महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर जातो. पण त्याची चर्चा एकादशी सोडून बाकीच्या दिवशी करावी.) आणि राळं? संघम काळातल्या तमिळ कवितांत डोंगरातल्या मुली राळ्याच्या शेतातून पोपट हाकलतात. मुरुगनची वल्ली अशीच शेत राखणारी, आणि मुरुगनला आजही मध आणि राळ्याच्या पिठाचा नैवेद्य असतो. म्हणजे मामांनी दोन हजार वर्षांचं धान्य फॅशन म्हणून परत केलं आणि शंभरीही न गाठलेलं वडाम पणजीच्या नावावर घरी नेलं. पिशवीत लाल मिरच्याही होत्या, पोर्तुगीजांबरोबर आलेल्या.

अशा बाबतीत वेस्ट मांबलमच मामांच्या पाठीशी उभं राहतं. तिथे लेक व्ह्यू रोड आहे, तलाव नाही. 1920 च्या दशकात तो बुजवून टी नगर वसवलं गेलं. तरी पत्ता सांगताना कुणी अडखळत नाही.

मालकानं मात्र एक गोष्ट पक्की ओळखली आहे: मामांचा नकार तिसऱ्या वर्षी विरतो. पहिल्या वर्षी ‘असलं कधी नव्हतं’. दुसऱ्या वर्षी नमुना न मागता उचललेला आणि ‘गूळ जरा कमी’ अशी सूचना. तिसऱ्या वर्षी शंभर ग्रॅम. म्हणून तो नवा माल मामांच्या पहिल्या तोंडाकडे बघून बंद करत नाही. दुसऱ्या वर्षीच्या सूचनेची वाट बघतो, आणि गूळ खरंच वाढवतो.

राळ्याच्या लाडवाचा प्रवास या वेळापत्रकानुसारच झाला. परवा दुकानात आयटीतली एक मुलगी लाडवांकडे शंकेनं बघत होती. मामांनी तिला थांबवलं. “घे बिनधास्त, अम्मा. आमच्या तंजावरकडे हा पहिल्यापासून. मुरुगनचा प्रसाद.” तिनं अर्धा किलो घेतला. मालकानं वजन करता करता मामांपुढे कागदावर नवा नमुना सरकवला: चॉकलेटचं सारण भरलेली कोळुकट्टै.

मामांनी खाल्ली. डोळे मिटले. दुसरी मागितली.

“फॅशन,” ते म्हणाले, आणि मामींसाठी तिसरी बांधून घेतली.