झाड कोण होणार?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बालनाट्य बसवायला घेतलं की पहिला प्रश्न पडतो, झाड कोणाला करायचं? उत्तर ठरलेलं असतं. ज्याच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, तो झाड. झाडाला संवाद नसतो, म्हणजे उच्चार चुकायची भीती नाही. धडगावकडचं पोर, एरवी मोहावर सरसर चढणारं, पुठ्ठ्याची फांदी धरून अख्खं नाटक उभं राहतं. ‘हलायचं नाही’ असा सरांचा दम असतो. (खरा मोह निदान वाऱ्याने तरी हलतो.)

संवाद मिळतात ते ‘वाणी स्पष्ट’ असलेल्या मुलाला. तोही घरी अहिराणीच बोलतो, पण ते रंगमंचावर कळू द्यायचं नाही, एवढी तालीम त्याची झालेली असते.

नाटक बहुधा हुतात्मा शिरीषकुमारचं. ९ सप्टेंबर १९४२ला हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन नंदुरबारच्या रस्त्यावर उतरला आणि पोलिसांच्या गोळीने गेला. त्याच्या तोंडची प्रसिद्ध घोषणा गुजराती होती. आज तो आमच्या स्पर्धेत उतरला असता, तर परीक्षकांनी शुद्धतेचे गुण कापून त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं असतं.

मुलांसाठी वेगळी रंगभूमी हवी, हे ओळखून सुधा करमरकरांनी मुंबईत १९५९ साली नाटककार रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. त्यालाही साठ वर्षं उलटून गेली. मुलांनी नाटकात कोणत्या भाषेत बोलायचं, ही गोष्ट आम्ही अजून मुलांना विचारलेली नाही.

पोरं घरी मात्र नाटकच जगतात. सातपुड्यातली होळी बघा. अंगभर राखेची नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. सोंग घेण्याआधी काही दिवस पाळणूक असते, खाटेवर झोपायचंही नाही. भूमिकेत शिरण्याची एवढी तयारी मोठमोठ्या नाट्यशाळांतही कोणी करत नसेल. अंगात ताल इतका मुरलेला, की ढोल वाजला की चार वर्षांचं पोरही पाय उचलतं. हेच पोर शाळेत आलं की गॅदरिंगला त्याला प्लॅस्टिकची पानं गुंडाळून ‘आदिवासी नृत्य’ शिकवतात. स्टेप्स सिनेमातल्या. शिकवणारे शहरातून आलेले. आणि पालकांनी टाळ्या वाजवायच्या.

असं नाही की दुसरी वाट कोणी दाखवली नाही. नर्मदाकाठच्या ‘जीवनशाळा’ नावाच्या शाळा नव्वदच्या दशकापासून पोरांच्या बोलीला वर्गात घेऊन बसल्या आहेत. त्यांच्या बालमेळ्यात मुलं गातात, नाचतात, नाटुकली करतात. तिथे पोरांना झाड करून गप्प उभं करायची गरज पडत नाही, कारण बोलायला त्यांच्याकडे धरणापासून जंगलापर्यंत पुष्कळ आहे. पण या वाटेत एक अडचण आहे. पोरांचं नाटक समजून घ्यायला आधी सरांना पावरी शिकावी लागेल. गृहपाठ सरांना? छे!

तेवढ्यात उन्हाळी नाट्यशिबिराचा फलक लागलाच. ‘सभाधीट व्हा! भीती घालवा!’ सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत हजारो माणसांपुढे पहाटेपर्यंत नाचलेल्या पोराची भीती घालवायची फी किती, तेवढं फलकावर लिहायचं राहिलं आहे.