कुठलीही खोली चालेल, भो!

धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात खोली करून राहणाऱ्या पोरांची भाड्यावरून सहसा भांडणं होत नाहीत. समजा भाडं सहा हजार आणि डोकी तीन, तर दोन-दोन हजार. एवढा हिशेब साक्री-शिरपूरहून एसटीत बसतानाच झालेला असतो. कसोटी लागते ती एप्रिलात, कूलर आल्यावर.

पारा पंचेचाळिशीला टेकला की खोलीत दोनच पक्ष उरतात: कूलरसमोरचा आणि कोपऱ्यातला. वाऱ्याला तीनने भाग जात नाही, लाइट बिलाला जातो. त्यात बिलाची चालही तिरकी. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, पुढच्यांचा चढा. मग कोपऱ्यातला वकिली सुरू करतो, "शंभर युनिट पंख्या-बल्बचे, वरचे कूलरचे. माझ्या कॉटपर्यंत वाराच येत नाही, तर वरचे पैसे मी का देऊ, भो?" समोरचा विचारतो, "आणि टाकीत रोज पाणी कोण ओततं?" नळ काही दिवसांआड येणाऱ्या गावात भरलेली बादली रोख रकमेपेक्षा कमी नसते. पण ओतणाऱ्याच्या कष्टाला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो.

घरून एसटीने येणाऱ्या डब्यालाही तो नसतो. झाकण निघतं, कळण्याची भाकरी, ठेचा आणि हिरव्या वांग्यांचं भरीत दिसतं, आणि पाच मिनिटांत डबा विसळायला जातो. याची कॉन्ट्री कुणी मागत नाही. त्याच रात्री मात्र, "तू चहा घेत नाहीस, पण दुधावरची साय कोण खातं?" यावर तासभर खल होतो.

या भानगडीत गणितज्ञांनीही लक्ष घातलंय. फ्रान्सिस सू या अमेरिकी प्राध्यापकांनी 1999 साली दाखवून दिलं की खोल्या लहान-मोठ्या असल्या तरी एकूण भाडं त्यांच्यावर असं वाटता येतं, की प्रत्येकाला वेगळीच खोली परवडणारी आणि पसंतीची वाटेल. कुणालाही दुसऱ्याचा हेवा नाही. आधाराला 1928 सालचं, त्रिकोणांच्या कोपऱ्यांना खुणा करण्याचं श्पर्नर यांचं एक प्रमेय. रीत सोपी आहे. भाड्याची वेगवेगळी वाटणी मांडायची आणि दर वेळी एकेकाला विचारायचं, "या दरात तू कुठली घेशील?"

आपलं घोडं इथेच अडतं. "बाल्कनीची अडीच हजाराला, आतली दीड हजाराला, बोल!" असं विचारलं तर आपला गडी मान खाली घालून म्हणणार, "कुठलीही चालेल, भो. तुम्ही ठरवा." तिघेही हेच म्हणणार. या उत्तराची खूण त्रिकोणाच्या कुठल्या कोपऱ्यावर करायची, हे गणितात सांगितलेलं नाही.

समान वाटणी आपल्याला आवडते, कारण तिच्यात कुणाला तोंड उघडावं लागत नाही. न्याय्य वाटणीत ते उघडावंच लागतं, तेही पैसे देण्याआधी. "मला बाल्कनी हवी, पाचशे जास्त देतो," असं पहिल्या दिवशी म्हणणारा आपल्याला आगाऊ वाटतो. वर्षभर "चालेल, चालेल" म्हणत मेच्या मध्यरात्री कूलरचं तोंड हळूच स्वतःकडे वळवून घेणाऱ्याला मात्र घरमालकापासून मेसवाल्या काकूंपर्यंत सगळे म्हणतात, "पोरगा मोठा समजूतदार हं!"